झाड आधी, अळंबी नंतर

बाजारात

श्रावण लागला की पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या बायका करटोली, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन नाशिकच्या बाजारात बसतात. एखादीच्या टोपलीत पळसाच्या पानांवर अळंबीचे वाटे मांडलेले असतात. त्यातली एक उचलून उलटी करून पाहावी. छत्रीच्या खाली दाटीने बसलेल्या पांढऱ्या, पातळ, उभ्या पट्ट्या दिसतात. टोपीच्या मधोमध टोचरा उंचवटा असतो आणि देठ खाली निमुळता होत मुळासारखा लांब गेलेला असतो. ही वारुळाची अळंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती मांडली. तो लांब देठ जमिनीखाली वाळवीने राखलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत पोचलेला असतो. वाळवी ही बुरशी पोसते आणि तिच्यावरच जगते.

“मावशी, कुठली ही?”

“वारुळावरची हाये. दुसरीकडं उगवलेलीला आम्ही हात लावत नाही.”

मावशींनी ओळख सांगताना रंग किंवा वास काढला नाही, जागा सांगितली. अळंबीशास्त्राचा पहिला धडा हाच आहे आणि पुढची सगळी टिपणं त्याच धड्याभोवती आहेत.

*

छिद्रं

मला ओढ आहे ती दुसऱ्याच अळंबीची. तिला बोलेट म्हणतात. देठ जाड, बहुतेकदा बुडाशी फुगलेला, टोपी मांसल. उलटी केली तर खाली पट्ट्या नसतात, हजारो बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचं तोंड. बोटाने दाबलं तर तो थर स्पंजासारखा दबतो आणि नखाने उचकटला तर टोपीपासून अख्खा सुटून येतो. बीजाणू या नळ्यांच्या आतल्या भिंतींवर तयार होतात आणि सरळ खाली गळतात. म्हणून नळ्या नेहमी उभ्या असतात. टोपी कलली तरी देठ वळून तिला पुन्हा सपाट करतो.

वठलेल्या आंब्याच्या किंवा गुलमोहराच्या खोडावर फळीसारखे कठीण थर येतात, त्यांच्याखालीही छिद्रं असतात. ते बोलेट नव्हेत. बोलेट मऊ, देठाचा आणि बहुधा मातीतून वर आलेला असतो.

*

एका कुळाची फोड

लिनियसने १७५३ मध्ये छिद्रांच्या जवळजवळ सगळ्या अळंब्या ‘बोलेटस’ या एकाच प्रजातीत बसवल्या होत्या. पुढच्या अभ्यासकांनी लाकडावरच्या कठीण जाती वेगळ्या केल्या, मग मऊ जातींचेही गट पाडले. देठावर खवले असलेला लेक्सिनम, चिकट टोपीचा सुइलस, चवीला कडू आणि गुलाबी झाक असलेला टायलोपिलस, काळ्या लोकरी खवल्यांचा स्ट्रोबिलोमायसिस. २०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डीएनएच्या आधारे बोलेटेसी कुळाची नव्याने मांडणी केली. त्यात सात मोठ्या शाखा आणि प्रजातीच्या पातळीवरचे २२ नवे गट पुढे आले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती आतून दूरच्या निघाल्या आणि अजिबात सारख्या न दिसणाऱ्या सख्ख्या ठरल्या.

*

पाकिटातली अळंबी

पोर्चिनी या इटालियन नावाने विकली जाणारी अळंबी म्हणजे बोलेटस एड्युलिस आणि तिची जवळची भावंडं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत तिचे वाळवलेले काप छोट्या पाकिटांत मिळतात. लंडनमध्ये दोन संशोधकांनी असंच एक पाकीट विकत घेऊन त्यातल्या १५ तुकड्यांचा डीएनए तपासला. त्यांत तीन जाती निघाल्या आणि तिन्हींना शास्त्रात तोवर नावच नव्हतं. माल चीनमधून आला होता. हा निबंध २०१४ चा आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आलेल्या अळंबीचंही नामकरण व्हायचं राहिलेलं असू शकतं.

*

सरकारला हवे होते ट्रफल

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्यावर प्रशियाच्या सरकारने एक काम सोपवलं: ट्रफल ही महागडी भूमिगत अळंबी शेतात पिकवता येईल का ते पाहा. ट्रफल काही पिकवता आले नाहीत. मात्र झाडांच्या मुळांची बारीक टोकं बुरशीच्या आवरणात गुंडाळलेली त्यांना दिसली आणि तरीही झाडं ठणठणीत होती. हा रोग नव्हता, सहजीवन होतं. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं.

व्यवहार सरळ आहे. बुरशीचे तंतू मुळांहून कितीतरी बारीक, त्यामुळे मूळ पोचत नाही तिथून ते पाणी, फॉस्फरस, नत्र खेचून आणतात. झाड पानांत तयार केलेली साखर त्यांना देतं. बहुतेक बोलेट असेच झाडाच्या पगारावर जगतात. झाड गेलं की तेही जातात. बटन मशरूम खतावर येतं, धिंगरी गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या काडावर येते. पोर्चिनीची व्यापारी शेती मात्र आजवर कुणाला साधलेली नाही, कारण तिच्यासाठी अख्खं झाड लागतं.

*

नाशिकची झाडं

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो. म्हणजे घाटमाथ्यावर ओल भरपूर आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरसूलची जंगलं, सगळीकडे पालापाचोळाही आहे. मग बोलेट का दिसत नाहीत?

उत्तर मुळांत आहे. साग, ऐन, जांभूळ, आंबा, मोह, करवंद या आपल्या झाडाझुडपांच्या मुळांशी बहुधा वेगळ्या जातकुळीची बुरशी राहते. ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते, तिथे झाडासारख्या बारीक फांद्या पसरते आणि जमिनीवर कधीच छत्री उभारत नाही. तिचं काम तितकंच मोलाचं आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

बोलेट ज्यांच्यावर जीव टाकतात त्या झाडांची यादी वेगळी: पाइन, ओक, बर्च, बीच आणि उष्ण प्रदेशात साल व त्याचं डिप्टेरोकार्प कुळ. ही मंडळी नाशिकच्या रानात नाहीत.

*

मग भारतात कुठे?

हिमालयात पुष्कळ. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे कणाद दास आणि त्यांचे सहकारी सिक्कीम व उत्तराखंडातल्या बोलेटांवर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. २०१५ मध्ये सिक्कीममधून बोलेटस रिकॅपिट्युलेटस ही नवी जाती जाहीर झाली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात चक्क अळंबीच्या आकाराच्या पेशी दिसतात. त्या निबंधात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे अभिषेक बघेला सहलेखक आहेत.

मैदानी भारतात सालवनं. तिथून २०१८ मध्ये एक अख्खी नवी प्रजाती मांडली गेली: इंडोपोरस. तिच्या पहिल्या जातीचं नाव इंडोपोरस शोरी, सालाच्या ‘शोरिया’ या नावावरून. अळंबीच्या नावातच तिच्या झाडाचा पत्ता लिहून ठेवला आहे.

सह्याद्रीत दक्षिणेकडे सरकावं तशी डिप्टेरोकार्प कुळातली झाडं वाढत जातात. सिंधुदुर्ग-गोव्याकडे हॉपिया भेटतो, कर्नाटकात हॉपियाबरोबर व्हॅटेरिया आणि डिप्टेरोकार्पसही. कोडगूकडच्या उप्पंगळा जंगलात के. नटराजन, जी. सेंथिलरासू आणि सहकाऱ्यांनी या झाडांखालच्या मुळांशी बांधलेल्या अळंब्यांचा अभ्यास केला. तो २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. एकाच सह्याद्रीत उत्तरेला बोलेट विरळ आणि दक्षिणेला विपुल, यामागे झाडांची सोबत आहे.

*

पाहुणा झाडाबरोबर येतो

पोर्तो रिको बेटावर पाइन लावायचे प्रयत्न अनेक वर्षं फसत होते. रोपं पिवळी पडत, खुजी राहत, मरत. खतं देऊनही फरक पडेना. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधून पाइनखालची थोडी माती आणून रोपांना घातली आणि ती तरारली. मातीबरोबर बुरशी आली होती. जगभर जिथे जिथे परकं झाड रुजलं, तिथे त्याची सोबतीणही कधी मुद्दाम, कधी नकळत आली.

*

निफाडची निलगिरी

नाशिक जिल्ह्यात असं परकं झाड मोठ्या प्रमाणावर आलं ते १९८० च्या दशकात. निफाडचे विनायकदादा पाटील यांनी पडीक आणि हलक्या जमिनीवर झाडांचं पीक घ्यायची चळवळ उभारली, निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली. निलगिरीबद्दल पाण्यावरून वाद झाले, अजूनही होतात. माझं लक्ष मुळांकडे आहे. निलगिरी दोन्ही घरची आहे. रोप कोवळं असताना पेशीत शिरणारी बुरशी घेते आणि मोठं झाल्यावर मुळांना बाहेरून गुंडाळणारी. या दुसऱ्या प्रकारच्या बुरशीमुळे निलगिरी आणि सुरूच्या बनांत आपल्याला बोलेटांचे चुलत नातेवाईक भेटतात. त्यांना टोपीही नाही आणि छिद्रंही नाहीत, पण डीएनए त्यांना बोलेटांच्याच गणात बसवतो.

*

पिसोलिथस, जवळून

जुन्या निलगिरीखाली, कडेच्या मुरमाड जमिनीत पाहावं. मातीतून एक वेडावाकडा, मातकट, मुठीएवढा गोळा वर आलेला असतो. कुणाला वाटावं दगड आहे किंवा वाळलेलं शेण आहे. चाकूने उभा चिरला की आतलं चित्र उघडतं. वरच्या भागात पिवळट-तपकिरी, वाटाण्याएवढ्या शेकडो कोठड्या दाटून बसलेल्या. खाली जावं तशा त्या बारीक होत काळ्या, चिकट गरात बुडालेल्या. बोटं काळपट होतात आणि डाग सहजी निघत नाही. वरच्या कोठड्या आधी पिकतात, फुटतात आणि त्यांची दालचिनीच्या रंगाची भुकटी होते. वारा ती नेतो, पाऊस नेतो. वरून झिजत झिजत शेवटी जमिनीत फक्त एक खुंट उरतो.

हाच पिसोलिथस. युरोपात याच्यापासून लोकरीला तपकिरी, काळपट रंग देतात. अमेरिकेत डॉनल्ड मार्क्स या वनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हीच बुरशी पाइनच्या रोपांना लावून कोळशाच्या उजाड खाणपट्ट्यांवर झाडं जगवून दाखवली. तापलेली, आम्ल, नापीक जमीन हिला सोसते. पिसोलिथसच्या अनेक जाती आहेत आणि झाडागणिक त्या बदलतात. निलगिरीबरोबर आलेली जाती वेगळी आणि सह्याद्रीतल्या व्हॅटेरियाच्या सोबतीने राहणारी, इथलीच पिसोलिथस इंडिकस वेगळी. एकच प्रजाती, एक जाती घरची आणि एक पाहुणी.

*

सावधान: स्क्लेरोडर्मा

याच गोतावळ्यातला आणखी एक गोळा. जाड सालीचा, पिवळट, भेगाळलेला. कापला की आत जांभळट-काळा. हा विषारी आहे, खाल्ल्यावर उलट्या होतात. रानात गोल पांढरी भुईफोड मिळते, ती कोवळी असताना आतून शुभ्र आणि एकसारखी असते. म्हणून कुठलाही गोळा घरी आणायच्या आधी मधोमध उभा चिरून पाहायचा. आत काळपटपणा दिसला, किंवा छत्रीची चिमुकली आकृती दिसली, तर तो तिथेच टाकायचा. आकृती दिसली तर ती अमानिटा या अळंबीची कळी असू शकते आणि अमानिटाच्या काही जाती जीव घेतात.

*

बस्तरचा बोडा

बोलेटांच्या गणातली जी अळंबी आपल्या शेजारी खरी मानाची आहे, ती छत्तीसगडची. बस्तरात पहिल्या पावसात सालाखाली जमिनीत गोल, करडे बोडे मिळतात. बायका काटकीने माती उकरून ते काढतात आणि जगदलपूरच्या बाजारात त्यांना चढा भाव येतो. झारखंडात यालाच रुगडा म्हणतात. शास्त्रीय प्रजाती अॅस्ट्रियस. याची शेती होत नाही. साल आहे तोवर बोडा आहे. सालवन तोडून तिथे दुसरं काही लावलं तर त्या बाजारातली एक ओळ कायमची पुसली जाईल. जंगलाची किंमत घनफुटात मोजणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला पाहिजे.

*

नियमाला अपवाद: फ्लेबोपस

एक बोलेट मात्र झाडाच्या पगारावर अवलंबून नाही. फ्लेबोपस प्रजाती. तपकिरी, भरदार, देठ जाडजूड. ऑस्ट्रेलियातली फ्लेबोपस मार्जिनेटस एक मीटर रुंद टोपीची होऊ शकते, व्हिक्टोरिया प्रांतात २९ किलो वजनाची नोंद आहे.

फ्लेबोपस पोर्टेन्टोसस थायलंड आणि चीनच्या युनान प्रांतात आवडीने खातात. ती लिंबूवर्गीय झाडं, आंबा, फणस, कॉफी यांच्या बागांत उगवते. मुळांवर पिठ्या ढेकूण असतात. बुरशी त्यांच्याभोवती घर बांधते, कीटकांना आडोसा मिळतो आणि बुरशीला त्यांचा गोड स्राव. मुळांशी पक्कं बांधलेलं नसल्यामुळे हिची लागवड जमली. चीनमध्ये ती आज व्यापारी पातळीवर पिकवली जाते आणि बोलेटांमध्ये हा मान तिचाच.

दक्षिण भारतातून फ्लेबोपसच्या नोंदी आहेत. नाशिकच्या बागायतदारांना पिठ्या ढेकूण नवा नाही. द्राक्षांवर आणि डाळिंबावर तो त्यांचा जुना वैरी. त्यामुळे जुन्या आंब्याच्या, लिंबाच्या बागेत पावसाळ्यात जमिनीवर जाड तपकिरी, छिद्रांची अळंबी दिसली, तर ती पायाने उडवू नये. फोटो काढावा आणि अभ्यासकांपर्यंत पोचवावी.

*

निळा डाग

कित्येक बोलेट कापल्याबरोबर डोळ्यांदेखत निळे पडतात. पिवळा गर आधी हिरवट होतो, मग गडद निळा. हे विषाचं लक्षण समजलं जातं, तसं ते नाही. गरात व्हेरिगेटिक आणि झेरोकोमिक आम्लं असतात. पेशी फाटल्या की हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचं निळं रूप होतं. निळी पडणारी काही बोलेट खाण्याजोगी आहेत, आणि अजिबात निळी न पडणारी अळंबी मारक असू शकते.

युनानमध्ये निळी पडणारी लान्माओआ एशियाटिका मोठ्या आवडीने खातात. नीट शिजली नाही तर माणसाला चिमुकली माणसं दिसू लागतात, दवाखान्यात न्यावं लागतं. ही प्रजाती २०१५ मध्ये मांडली गेली आणि १५ व्या शतकातल्या लान माओ या युनानमधल्या औषधी-अभ्यासकाचं नाव तिला दिलं गेलं. तिथल्या लोकांचं ज्ञान पिढ्यांचं आहे, तरी दरवर्षी माणसं आजारी पडतात. ज्यांच्याकडे ते ज्ञान नाही त्यांनी काय धडा घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको.

*

चांदीचा चमचा

अळंबी शिजताना चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी. लसूण काळा पडला तर विषारी. किड्यांनी खाल्लेली असेल तर निर्धोक. यातली एकही परीक्षा खरी नाही. अमानिटाचं जहर उकळून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही आणि उलट्या-जुलाब सुरू होईपर्यंत यकृतावर घाला पडलेला असतो.

शहरातला धोका वेगळा. बंगल्याच्या, सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात. क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. कोवळेपणी पट्ट्या पांढऱ्या, जुन्या झाल्या की हिरवट. कागदावर टोपी रात्रभर ठेवली तर हिरवट बीजाणूंचा ठसा उमटतो. ही दिसायला अगदी खाण्याजोगी आणि खाल्ली की काही तासांत बेजार करणारी.

*

पुण्याचं कपाट

महाराष्ट्राच्या बुरशींचा मोठा संग्रह पुण्यात आहे. शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, आजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही. तिथल्याच ए. व्ही. साठे आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ काढला. त्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि केरळच्या अळंब्या आहेत. वाळलेला नमुना पाकिटात घालून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवला की पन्नास वर्षांनीही कुणी त्याचा डीएनए तपासू शकतो. नुसत्या आठवणीतली अळंबी शास्त्राच्या कामाची नाही.

*

नोंद कशी घ्यायची

चार फोटो: वरून, खालून, आडवी ठेवून आणि उभी चिरून. देठ मुळापासून काढायचा, मधेच तोडायचा नाही, कारण अमानिटाची पिशवी बुडाशी मातीत दडलेली असते. कापल्यावर रंग बदलतो का, किती वेळात बदलतो ते लिहायचं. वास लिहायचा. टोपी कागदावर झाकून बीजाणूंचा ठसा घ्यायचा. बोलेटचा बहुधा शेवाळी-तपकिरी येतो, टायलोपिलसचा गुलाबी-तपकिरी. नमुना पातळ कापून मंद उष्णतेवर वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा, प्लास्टिकमध्ये नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, पानाच्या पहिल्या ओळीत, आजूबाजूच्या झाडांची नावं. बाजारातल्या मावशी वारूळ आधी सांगतात, फ्रांकनेही आधी मूळ पाहिलं होतं.

या पावसाळ्यात त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे जाल, किंवा स्वतःच्या बांधावरच्या निलगिरीखाली थांबाल, तेव्हा खाली वाकून पाहा, आधी झाडाचं नाव लिहा आणि नमुना अभ्यासकाकडे पाठवा. आणि जाणत्या माणसाने हातात घेऊन ओळख पटवल्याशिवाय रानातली कुठलीही अळंबी पातेल्यात घालू नका.